उकंडा गावाबाहेर

वऱ्हाडात उकिरड्याला उकंडा म्हणतात आणि काही माणसांनाही उकंडा म्हणतात. एक दारासमोर पडलेला असतो, दुसरा दारातून आतबाहेर करत असतो, त्यामुळे सहसा घोटाळा होत नाही. आमच्या बोरटेकला तो एकदा झाला. चौऱ्याहत्तर साल असेल. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आणि गावात विजेचे खांब इतके नवे होते की संध्याकाळी दिवा लागला की माणसं त्याच्या उजेडात काही करायला नव्हे, नुसता दिवा बघायला जमत.

ते दिवे लावायचं काम उकंडरावचं. उकंडराव म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. कचेरी झाडणं, पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या दोरीची गाठ सोडवणं, सरपंचांच्या म्हशी कोंडवाड्यात गेल्या तर त्या कुणाला न दिसता सोडवणं, आणि दवंडी देणं, ही त्याची बाकीची कामं. आवाज असा की त्यानं पारावर "ऐका होऽऽ" म्हटलं की मालेगावच्या रस्त्यावरून जाणारी एस.टी. थांबायची. ड्रायव्हरला वाटायचं, कुणी प्रवासी हात करतोय. पंचायतीनं त्याला एक खाकी टोपी दिली होती. ती तो जेवतानासुद्धा घालायचा. बायको, विमलबाई, म्हणायची, "टोपी काढा न जी, भाजीत पडीन." तर म्हणायचा, "ड्यूटी हाये." वांग्याच्या भाजीवर कसली ड्यूटी, ते तिनं विचारणं सोडून दिलं होतं.

आता नावाचं सांगतो. आमच्याकडे ज्या बाईची लेकरं जगत नसत, ती पुढचं लेकरू झालं की ते सुपात घालून उकंड्यावर ठेवायला लावी. शेजारणीनं ते उचलायचं, दाराशी येऊन ओरडायचं, "उकंड्यावर सापडलं व बाई, घेतं काय?" आणि आईनं मूठभर कोंडा देऊन ते विकत घ्यायचं. म्हणजे मरणाला वाटतं, हे कचऱ्यातलं लेकरू, कोंड्याच्या मोलाचं, हे नेऊन आपलीच अब्रू जाईल. भागिरथाबाईला, म्हणजे उकंडरावच्या आईला, आधीची लेकरं लाभली नव्हती. म्हणून हा उकंड्यावरून आला. आला तो राहिला, वाढला, टोपी घालून फिरू लागला.

भागिरथाबाई त्या उकंड्याचे उपकार कधी विसरली नाही. घरासमोर, ऐन पंचायतीच्या वाटेवर तिचा उकंडा. दर उन्हाळ्यात गावातले लोक आपापले उकंडे उपसून खत शेतात नेत. हिच्या उकंड्याचं खत मात्र वरवरचं काढायचं, तळाला हात लावायचा नाही. तळ म्हणजे तिच्या पोराचं आयुष्य. कोंडा देताना तिनं मनातल्या मनात कबूल केलं होतं, "जवरोक तू हाये, तवरोक माहा लेक हाये." रोज दिवेलागणीला ती त्यावर पणती ठेवायची, हळदकुंकू वाहायची. माश्यासुद्धा त्या वेळेपुरत्या बाजूला होत, असं ती सांगायची. इतक्या वर्षांत तळावर तळ चढून त्या उकंड्याची टेकडी झाली होती. गावाबाहेरच्या माणसाला घराचा पत्ता सांगायचा तर लोक म्हणत, "त्या उकंड्यापासून डावीकडं."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दसऱ्यानंतर पंचायत समितीचं परिपत्रक आलं.

ग्रामसेवक इंद्रभान हे धनजकडचे, नवे, हुशार आणि वरून आलेलं सगळं खरं मानणारे. त्यांनी ते सभेत वाचलं. गावठाणातले सर्व उकिरडे गावाबाहेर हलवावेत. तिथं घरटी एक खड्डा खणावा. केरकचऱ्याचे कुजणारा आणि न कुजणारा असे दोन भाग करावेत. कुजणारा खड्ड्यात, न कुजणारा भंगारवाल्याला. दिवाळी झाली की साहेब पाहणीला येतील, आणि गाव पसंत पडलं तर विहिरीवर पाण्याचं इंजिन मिळेल.

इंजिन म्हटल्यावर सरपंच पुंजाजी खुर्चीत सावरून बसले. "दे दवंडी," ते उकंडरावला म्हणाले.

उकंडरावनं टोपी सारखी केली, थाळी घेतली आणि पारावर उभा राहून सगळ्या बळानिशी ओरडला, "ऐका होऽऽ! पंचायतीचा ठराव झाला होऽऽ! उकंडा गावाबाहेर! आठ दिवसांत उकंडा गावाबाहेर होऽऽ!"

पाराशेजारी देवमनचं केस कापायचं दुकान. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि देवमनचं तोंड. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा ठेवून तो म्हणाला, "काहून रे, असं काय केलं तू?"

"म्या काय केलं?"

"मंग गावाबाहेर काहून जाऊन राह्यला? वहिनी येते संग, का एकटाच?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक हसलं, आणि वस्तरा गालावर असल्यामुळे ते हसणं त्याला बरेच दिवस मिरवावं लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण तो दिवस मालेगावच्या बाजाराचा. बोरटेकच्या कुणीतरी तिथं सांगितलं, "आमच्या पंचायतीनं ठराव केला, उकंडा गावाबाहेर." ऐकणारा होता रिठदचा. रिठद हे उकंडरावचं सासर. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं सासरे उतरले, खांद्यावर काठी, मागं दोन मेहुणे. ते थेट पुंजाजींच्या ओसरीवर गेले.

"सरपंच, माह्या जवायानं काय चोरलं, थे सांगा."

"काई नाई चोरलं बाप्पा."

"कोन्या बाईले काई बोलला?"

"अहो, थो म्हशीले बी नाई बोलत."

"मंग गावाबाहेर कायले काढता त्याले? अन् थे बी दवंडी देऊन?"

"दवंडी तर त्यानंच देली!" पुंजाजी म्हणाले.

सासऱ्यांनी काठी खाली ठेवली. स्वतःच स्वतःला गावाबाहेर काढणारा जावई त्यांच्या ऐकण्यात नव्हता. सगळा उलगडा व्हायला तीन वेळा चहा लागला. उलगडा झाल्यावर सासरे म्हणाले, "मंग आता आलोच हावो तर जेवूनच जातो," आणि दिवाळी उलटली तरी राहिले.

गावात मात्र काम सुरू झालं. कापूस वेचायचे दिवस, त्यात लोकांना उकंडा वाहायचा म्हणून कुरकुर होती. पण इंजिनाच्या आशेनं एकेक बैलगाडी नाल्यापलीकडे जाऊ लागली. हलणं सोपं होतं. अवघड होतं ते कुजणारं आणि न कुजणारं.

परिपत्रकात तेवढंच लिहिलं होतं. काय कुजतं हे लिहिलं नव्हतं. साहेब लोकांना वाटतं, ते दिसतंच. उकंडराव दारोदार फिरून सांगायचा आणि प्रत्येक दारात अडायचा. हिरीबाईनं एक जुनी चप्पल पुढे केली. वरून चामडं, खालून टायर. "वरून कुजते, खालून नाई कुजत. अर्धी कापू काय, दादा?" देवमननं केसांचं टोपलं आणून ठेवलं. "हे सांग. माह्या आज्याचे केस म्या याच जागी कापले, अजून दिसते." एका सुनेनं हळूच विचारलं, "अन् सासू कोन्या टोपल्यात?" आतून सासूचा आवाज आला, "दोन्हीत नाई मावत म्हणा!"

उकंडराव प्रत्येक प्रश्न घेऊन इंद्रभानकडे जायचा. इंद्रभान परिपत्रक उलटसुलट बघायचे आणि म्हणायचे, "पुरून बघा." त्या हप्त्यात बोरटेकला शिंगं, कंगवे, दोऱ्या, तुटक्या छत्र्या आणि एक जुनी पेटी इतकं पुरलं गेलं की बाहेरच्याला वाटावं, गावावर दरोडा येणार आहे.

न कुजणाऱ्याची वेगळीच गंमत. सायकलवाला भंगारवाला काचेच्या आणि टिनाच्या बदल्यात खारे दाणे द्यायचा. पोरांना हे कळल्यावर गावात फुटक्या बाटल्या एकदम वाढल्या. आदल्या दिवशी त्या फुटक्या नव्हत्या. सरपंचांच्या घरची कंदिलाची काच गेली, मग कंदील गेला. पुंजाजी रात्री चाचपडत म्हणाले, "थे पोट्टे माह्या घराचं बी वर्गीकरण करून राह्यले."

तरी दिवाळीपर्यंत एकेक उकंडा हलला. शेजारच्या जमनाबाईचासुद्धा हलला. जमनाबाई एकटी, विधवा, भागिरथाबाईच्याच वयाची. तिला गाडी नाही, बैल नाहीत, म्हणून उकंडरावनंच शिपाई या नात्यानं तिचा उकंडा तळापासून खरवडून नाल्यापलीकडे नेला, आणि त्याची कंबर धरली.

राहिला एकच. पंचायतीच्या शिपायाचा.

"माय, सारे गेले. आता आपला."

"माह्या जिवात जीव हाये तवरोक नाई."

"अवो, ठराव हाये."

"ठरावानं तुले जलम देल्ला काय? या उकंड्यानं देल्ला. हा गेला का तू गेला." आणि भागिरथाबाईनं पदर डोळ्याला लावला. म्हातारी भांडली असती तर उकंडराव भांडला असता. ती रडली, तिथं त्याचं काही चालेना. आधी गेलेल्या लेकरांसाठी ती कधी त्याच्यासमोर रडली नव्हती. आता रडत होती ती त्यांच्यासाठीच, हे त्याला टोपीखालीसुद्धा कळत होतं.

इकडे पुंजाजींनी त्याला कचेरीत बोलावलं. "हे पाय उकंडा, मी तुले भावासारखा समजतो."

असं म्हटलं की पुढं काहीतरी वाईट असतं.

"साहेब याच वाटेनं येतीन. पयलाच तुहा उकंडा दिसीन. ज्यानं दवंडी देली त्याचाच उकंडा दारात! इंजिन त जाईनच, पण लोक म्हणतीन, शिपाई बदला. अन् देवमनचा भाचा टोपी घालाले तयारच हाये."

उकंडरावनं आपोआप टोपीला हात लावला.

मग त्यानं बरंच करून बघितलं. विमलबाई म्हणाली, "आत्याबाई देवळात गेल्या का एकेक टोपलं काढू." म्हातारी देवळात गेली, पहिलं टोपलं निघालं, आणि म्हातारी अर्ध्या वाटेतून परत. "देवळात बसली होती, अन् एकदम छातीत धस्स झालं. कोनं हात लावला?" टोपलं परत ओतलं. सरपंचांनी सुचवलं, की उकंड्यावर सतरंजी टाकून साहेबांच्या सत्काराचं स्टेज करावं, उंचही आहे. इंद्रभाननी जाऊन हात लावून पाहिला. कुजून आतून तो इतका गरम झाला होता की साहेब भाषण न संपवताच उठले असते. ते तसं बरंच झालं असतं, पण तो बेत राहिला.

आणि भागिरथाबाईनं आपली बाज उचलायला लावली, उकंड्यावर ठेवली आणि वर जाऊन बसली.

पाहणीचा दिवस उजाडला. वाटेवर सडा, दारात रांगोळ्या, पाराला चुना. मधोमध टेकडी, टेकडीवर बाज, बाजेवर भागिरथाबाई, मांडीवर पणती. खाली उकंडराव, टोपी हातात. गाव गोळा झालेलं. जीप वाशीमहून निघाली असा निरोप येऊन बसला होता.

"माय, माही टोपी जाईन व."

"टोपी गेली त जाऊ दे. तू राह्य."

"बिनाटोपीचा राहून काय करू?"

"माह्यासमोर जेव."

एवढ्यात जमनाबाई चहाची कपबशी घेऊन आपल्या दारातून निघाली. तिच्या दारात आता मोकळी, झाडलेली जागा, आणि तिच्या वाटणीच्या सगळ्या माश्या भागिरथाबाईकडे मुक्कामाला. तिनं कप वर देत म्हटलं, "भागिरथे, चाय घे अन् उतर खाली. साऱ्या गावाच्या माशा तुह्यावर बसून राह्यल्या. कायले बसली?"

"तुले ठाऊक नाई काय, कायले? तुह्या हातानंच तर ठेवलं होतं पोरगं याच्यावर."

"याच्यावर?" जमनाबाई म्हणाली. "याच्यावर कुठं ठेवलं व?"

"म्हंजे?"

"अवो, त्या दिवशी तुह्या उकंड्यावर कुत्री व्यायली होती. सात-आठ पिल्लं. सूप घेऊन गेली त अंगावर आली रांड. मंग म्या पोरगं माह्या उकंड्यावर ठेवलं, अन् उचलून तुह्या दारात आणलं. तू आत बाळंतीण, तुले काय दिसे?"

माश्यांचा आवाज एकदम नीट ऐकू येऊ लागला.

"अन् इतकी सालं सांगितलं काहून नाई?" भागिरथाबाईचा आवाज बारीक झाला.

"तू कुठं इचारलं? तू रोज पणती लावे त मले वाटे, तुले कुत्रीचं लय वाटते."

देवमन मागच्या मागं खाली बसला. त्याला हसू आवरेना. पण भागिरथाबाईला हसू येत नव्हतं. तिच्या डोक्यात हळूहळू पुढचं आलं. पोराचा खरा उकंडा तो, जो गेला आठवडाभर नाल्यापलीकडे पडला आहे. तळासकट. पोरानंच नेलेला.

ती बाजेवरून इतक्या घाईनं उतरली की पणती कलंडली आणि खाली पडून फुटली. ती सरळ उकंडरावपाशी गेली, हनुवटी धरली. "जीभ काढ."

"माय, लोक हायेत."

"काढ!" जीभ पाहिली. डोळे ताणून पाहिले. "झोप लागते?"

"लागते."

"काल काय खाल्लं?"

"चार भाकरी," विमलबाई बाजूनं म्हणाली. "अन् वरून बेसन."

"थो उकंडा गेला तवापासून काई दुखलं? खरं सांग!"

उकंडराव खोटं बोलत नसे. "कंबर," तो म्हणाला.

म्हातारी दोन्ही हातांनी त्याची कंबर चाचपू लागली. तेव्हा उकंडरावचे सासरे, जे अजून इथंच होते, पुढं झाले. "अवो इहीणबाई, उकंडा वाह्यला म्हणून कंबर दुखते. माही बी दुखते, अन् म्या तर नुसतं पाह्यलं."

भागिरथाबाईनं कमरेवरचे हात काढले. पोराकडे पाहिलं, जमनाबाईच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. तळ निघून आठवडा झाला होता, आणि पोरगं चार भाकरी खाऊन समोर उभं होतं. मग ती वळली आणि आपल्या टेकडीकडे अशा नजरेनं बघू लागली, जसं आयुष्यभर चुकीच्या माणसाला रामराम घातल्यावर बघावं.

"अन् हा कुत्रीचा उकंडा माह्या दारात कायले ठेवला?" ती कडाडली. "काढा! तळापासून काढा!"

मग जे झालं ते बोरटेकनं पुन्हा कधी पाहिलं नाही. अख्खं गाव त्या टेकडीवर तुटून पडलं. गाड्या, टोपली, घमेली. सरपंचांनी धोतर खोचलं. इंद्रभाननी आयुष्यात पहिल्यांदा फावडं धरलं, तेही उलटं. मेहुणे भिडले. देवमननं खुर्चीतलं अर्धं दाढी झालेलं गिऱ्हाईकसुद्धा उठवलं. जीप गावात शिरली तेव्हा शेवटची गाडी नाला ओलांडत होती, आणि साहेबांना दिसलं ते असं, की सगळं गाव शेणानं माखून हसतं आहे.

"रोजच असं असतं?" साहेबांनी विचारलं.

"लोकसहभाग," इंद्रभान धापा टाकत म्हणाले.

साहेब खड्डे बघायला नाल्यापलीकडे गेले. तिथं जमनाबाईच्या खड्ड्याच्या काठावर भागिरथाबाई बसली होती. नवी पणती लावलेली. खड्ड्यावर हळदकुंकू वाहून ती पुटपुटत होती, "चुकी झाली बापा. माहित नव्हतं. पोराले सांभाळ."

साहेब भारावले. कंपोस्ट खड्ड्याची पूजा करणारं गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. ते शिपायाकडे वळले. "नाव काय तुझं?"

उकंडरावनं टोपी घातली, ताठ झाला. "उकंडा, साहेब."

"काम नाही विचारलं. नाव विचारलं."

"उकंडाच, साहेब."

साहेबांनी इंद्रभानकडे पाहिलं. इंद्रभाननी मान हलवली. जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले की इतकं झोकून काम करणारा शिपाई त्यांनी जिल्ह्यात पाहिला नाही.

इंजिन आलं. टोपी राहिली. देवमनच्या भाच्यानं पुढं मालेगावला पंक्चरचं दुकान काढलं. पण उकंडरावचं काम सुटलं नाही, वाढलंच. कारण उन्हाळ्यात जमनाबाईला आपल्या खड्ड्याचं खत काढायचं होतं, आणि भागिरथाबाई काठावर आडवी.

"तळ सोडून काढ."

"खड्डा माहा!"

"पोरगा माहा!"

जमनाबाईनं फावडं टेकवलं. तिला मूल नव्हतं. ते गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. ती म्हणाली, "उकंडा माहा, उचललं म्या, त पोरगा कोणाचा? तू त कोंडा देऊन इकत घेतला."

आडवी पडलेली भागिरथाबाई उठून बसली. म्हणाली, "मंग दोघींचा. पन तळ सोडून काढ."

तेव्हापासून उकंडरावला दोन आया झाल्या. एक म्हणे पाणी आण, दुसरी म्हणे सरपण फोड. एकीकडे जेवला की दुसरी रुसे, म्हणून तो दोन्हीकडे जेवू लागला आणि टोपी घट्ट होऊ लागली. संध्याकाळी खांबावरचे दिवे लावून झाले की दोघी म्हाताऱ्या नाल्यापलीकडे जात, एक पणती लावी, दुसरी वाऱ्याला आडोसा धरी. सकाळी तो जाऊन बघायचा. पणती फुटलेली असली तर खापरी उचलून न कुजणाऱ्यात टाकायचा. जळकी वात मात्र थोडी हातात धरून ठेवायचा, मग खड्ड्यात टाकायचा. ती कुजते, हे त्यानं पुरून बघितलं होतं.